चंद्राचं पाकीट

आमच्या भूपेशला एक वाईट खोड आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नाही.

चिठ्ठी घेतो, गोळ्यांची पट्टी काढतो, कात्रीने कापतो, कागदी पाकिटात टाकतो. मान खालीच. समोर माणूस उभा आहे की म्हैस, याला पत्ता नसतो. मी बोलले तर वर मलाच ऐकवतो, "आई, तुला दुकानातलं काय कळतंय?"

नसेल कळत. दुसरीत शाळा सुटली माझी. पण हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ज्याला थापा वाटतील त्याने शुक्रवारी भर दुपारी आमच्या मेडिकलसमोर येऊन उभं राहावं.

मेडिकल भिवंडीत, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत. दिवसरात्र खटखट चालू. फक्त शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी स्वतःचा श्वासही ऐकू येतो.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर भूपेश पेनाने चित्र काढून देतो. सकाळच्या गोळीला सूर्य. रात्रीच्या गोळीला चंद्र.

अनंता माझ्या माहेरचा, दिघाशीचा. मला आते म्हणायचा. लूमवर कामाला होता. कापसाच्या तुसाने त्याच्या अंगाला खाज सुटायची, खोकून खोकून जीव जायचा. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन तो आमच्याकडेच आला.

भूपेशने गोळ्या दिल्या. चंद्र काढला. "रात्री एक," म्हणाला.

या गोळीने झोप येते, हे बोलला नाही.

पाळी कोणती, हे विचारलं नाही.

अनंता रातपाळीला होता हो. तो निजायचा उन्हात.

चंद्र बघून त्याने गोळी घेतली आणि ड्युटीवर गेला. चालू लूमसमोर उभ्या उभ्या डोळा लागला. गळ्यातला गमछा पट्ट्यात गेला...

पुढचं माझ्याने सांगवत नाही.

शेठने सांगितलं, पिऊन आला होता. झालं, गावभर तेच. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही, तो मेल्यावर बेवडा ठरला.

दहाव्याला त्याची बायको मैना माझ्या गळ्यात पडली. "आते, तो गेला त्याचा दुख हाय. पन लोकं त्याला बेवडा बोलतान गं. पोरगी शालंत जायाला तयार न्हाय."

भूपेश शेजारीच होता. मान खाली. तोंडातून एक शब्द नाही.

मैनाने अनंताचे कपडे माझ्यासमोर जाळले. खिशातून एक पाकीट अर्धं बाहेर आलं होतं. वर चंद्र. तेही जळलं. राख झालेली मी पाहिली.

नंतर शुक्रवार आला.

हे मला भूपेशनेच मागाहून सांगितलं. दुपारची वेळ, दुकानात तो एकटा. गल्ली चिडीचूप.

आणि... एक लूम सुरू झाली.

खटखट... खटखट...

बंदच्या दिवशी कोण चालवतंय म्हणून तो बाहेर आला. सगळ्या गाळ्यांना कुलपं.

आवाज थांबला.

मागे वळला, तर काउंटरच्या काचेवर पांढरं तूस. पाच बोटं टेकल्यासारखं. त्याने फडक्याने पुसलं. पाठ फिरवली...

पुन्हा पाच बोटं.

पुढचे शुक्रवार असेच गेले. पोरगा वाळला. जेवण सुटलं. मला वाटलं, कावीळ झाली. शेवटी एका शुक्रवारी मीच डबा घेऊन दुकानात गेले.

डब्याचं झाकण उघडलं, आणि... कोणीतरी खोकलं.

तो खोकला मी ओळखते.

भूपेश पांढराफटक. काउंटरपलीकडे कोणी नव्हतं. नुसतं ऊन. त्या उन्हात तूस तरंगत होतं, आणि वारा तर अजिबात नव्हता.

"भूपेश... मना इचार ना..."

भूपेश कसाबसा म्हणाला, "काय... काय विचारू?"

"मी निजतू कवा..."

एवढंच. रागाने नाही. लहान मूल पाणी मागतं तसं.

मग काही नाही. तूस खाली बसलं. आणि काचेवर एक पाकीट होतं. चंद्र काढलेलं. घामाने ओलं.

मी पाकिटाकडे बघितलं. मग माझ्या लेकाकडे. तेव्हा मला सगळं उमगलं.

"आई, गोळी बरोबरच होती," भूपेश रडायला लागला. "चिठ्ठीतच रात्री लिहिलं होतं. दुकानाचं नाव जाईल गं."

राख झालेलं पाकीट परत कसं आलं, मला आजही कळत नाही. शुक्रवारी लूम थांबल्या की अजून मी हातातलं काम थांबवते. कान उगाच खोकला शोधतात.

पण त्या दुपारी मी डब्याला झाकण लावलं, पाकीट उचलून त्याच्या खिशात घातलं आणि त्याची हनुवटी धरून मान वर केली.

"गोळी बरोबर होती रे. पण तू माणसाला विचारलं नाहीस, आणि त्याच्या बायकोसमोर गप्प बसलास. तो दारू पिऊन मेला नाही, तुझा चंद्र बघून मेला. ऊठ. दिघाशीला चल, आणि मैनाच्या तोंडाकडे बघून हे सांग."