पलीकडून धरलेली सावली

सावली गोल होती. कड स्वच्छ, रेखीव. दूरच्या वस्तूची सावली कडेला पुसट होते. ही पुसट नव्हती. जवळून धरलेल्या छत्रीची असावी तशी होती.

ती सात वर्षांच्या एका मुलीच्या चेहऱ्यावर पडली होती, आणि मुलीबरोबर पुढे सरकत होती.

आसपास उघडी छत्री मात्र एकही नव्हती.

हे घडलेलं आहे. च्युंग चाऊ बेटावर, पावांच्या जत्रेत, मिरवणुकीच्या दिवशी. रात्री नाही, भर दुपारी, गर्दीच्या डोळ्यांदेखत. तुम्हाला पटणार नाही. यूक-चिंगलाही पटत नाही. ती बेटावरच्या दवाखान्यात रक्त तपासते. काचेखाली दिसेल तेवढंच लिहायची तिला सवय. पण हे घडलं त्या गल्लीतून ती आजही एकटी जात नाही.

यूक-चिंग ही कम-शिंगची दुसरी बायको. पहिली लाय-क्वान. ती आजारपणात गेली तेव्हा तिची मुलगी हेई-मान नुकती चालायला लागली होती. पुढे त्या पोरीचं सगळं यूक-चिंगनं केलं. जेवू घातलं, तापात उशाशी बसली, केस विंचरले.

पोरगी तिला मावशी म्हणायची.

घरच्या देव्हाऱ्यात, कम-शिंगच्या आईवडिलांशेजारी, लाय-क्वानचा फोटो होता. फोटोतली बाई कधी दमत नव्हती, कधी पोरीवर ओरडत नव्हती. तिच्याशी बरोबरी करायची तरी कशी?

लाय-क्वानची आई शहरात राहायची. 'पोरीला शिकायला माझ्याकडे पाठवा,' असा तिचा धोशा होता. कम-शिंगनं ते बायकोवर सोडलं होतं.

"सांभाळतेस तू. तूच काय ते सांग."

यूक-चिंग दर वेळी "बघू" म्हणायची. पोरगी गेली की फोटोतली बाईही घरातून गेली. हे तिला हवं होतं. पण मग घरात आपलं म्हणून काय उरणार? दोन्ही विचार एकाच वेळी यायचे.

जत्रेचा पहिला दिवस. बेटावर मासळी खाणं बंद. पाक ताई या देवाच्या देवळासमोर भुतांचा कागदी राजा उभा राहिला, आणि पुजाऱ्यांनी हाका मारायला सुरुवात केली. ज्यांना घर नाही, ज्यांच्या नावानं कुणी उदबत्ती लावत नाही, अशा सगळ्या मेलेल्यांना. या, जेवा, शांत व्हा.

त्याच दिवशी मिरवणुकीच्या झग्याचं माप बघायला शेजारच्या फान काकू आल्या. हेई-मानला निळ्या रेशमात बघून त्यांनी गालावर हात ठेवला.

"अगं, ही तर लाय-क्वानच उभी केलीस. तेच नाक, तीच हनुवटी. तुझं काय तर नुसतं शिवणकाम."

काकू हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं.

यूक-चिंगही हसली.

काकू गेल्यावर तिनं फोटो खाली काढला. टॉवेलात गुंडाळला. कपाटात तांदळाच्या डब्यामागे ठेवून दार लावलं.

"फोटो कुठाय?" संध्याकाळी कम-शिंगनं विचारलं.

"काच पुसायला काढलाय."

मिरवणुकीच्या दिवशी सकाळच्या बोटीनं शहरातली आजी आली. चप्पल काढता काढताच तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली.

"माझी लेक कुठाय?"

"काच पुसायची होती, आजी. मिरवणूक झाली की लावते."

"या दिवसांत?" आजीचा आवाज एकदम खाली आला. "तिकडं बेघरांना हाका मारतायत आणि तू घरातलीला बाहेर काढलंस? तिला वाटेल, ती हाक आपल्यालाच आहे."

"काहीतरीच तुमचं."

"काहीतरीच नाही. दवाखान्यातलं दवाखान्यात ठेव."

तेवढ्यात ढोल वाजले आणि बोलणं तिथंच राहिलं.

मिरवणुकीत मुलं हवेत उभी दिसतात. खरं तर चाकांच्या गाड्यावर लोखंडी दांडा असतो, दांड्यावर छोटी बैठक, कमरेला पट्टा. वरून झगा घातला की यातलं काही दिसत नाही. हेई-मान एका किटलीच्या तोंडावर एका पायावर उभी वाटत होती. तिचा पट्टा यूक-चिंगनं स्वतः बांधला होता. ओढून पाहिला होता, दोनदा.

गाडा मागून कम-शिंग आणि इतर पुरुष ढकलत होते. उजव्या बाजूनं यूक-चिंग, हातात लांब काठी, काठीला पाण्याची बाटली. तिच्यामागे फान काकू. गल्ली अरुंद, डोक्यावर दुकानांच्या पाट्या, म्हणून सगळ्यांनी छत्र्या मिटल्या होत्या.

तेव्हा ती सावली दिसली...

यूक-चिंगनं आधी नीट विचार केला. ऊन डावीकडून येतंय. म्हणजे सावली धरणारं डावीकडेच हवं.

डावीकडे दुकानांची बंद शटरं होती. गाड्याचं चाक त्यांना घासत चाललं होतं. मध्ये हातसुद्धा शिरला नसता.

तिनं काठी वर केली. "हेई-मान, पाणी पी."

"नको मावशी. प्याले."

"कधी?"

"आत्ताच."

तिचे ओठ ओले होते. हनुवटीवरून एक थेंब ओघळला...

"कुणी दिलं?"

पोरगी खाली बघून हसली. यूक-चिंगकडे नाही. पलीकडे.

"काकू, तिकडं कोण आहे?" यूक-चिंगनं मागे वळून विचारलं.

"कोण असणार? भिंत आहे. ऊन लागलं का तुला?"

ढोलांचा आवाज अचानक लांब गेल्यासारखा वाटला. हेई-मान कुणाचं तरी ऐकत होती. मधूनच मान हलवत होती. मग तिनं डावा हात खाली सोडला.

आणि तो हात तसाच राहिला... ताणलेला. खालून कुणी धरावा तसा.

"कुणाशी बोलतेस गं?" यूक-चिंगनं विचारलं.

"ती म्हणते, तिला घरात जागा नाही." पोरगी अगदी सहज सांगत होती. "मग मीच तिच्याकडे यायचं."

झग्याखालून काहीतरी रस्त्यावर पडलं.

कमरेचा पट्टा.

यूक-चिंगनं तो उचलला. तुटला नव्हता. सुटलाही नव्हता. बक्कल तिनं लावलं होतं तसंच, त्याच भोकात अडकलेलं...

"गाडा थांबवा," ती म्हणाली. "कम-शिंग, वर चढ. तिला धर. उजवीकडे ओढून धर."

"काय झालं?"

"आधी धर."

ती धावत सुटली. घर पुढच्याच गल्लीत होतं. आजी देव्हाऱ्यासमोर बसली होती. यूक-चिंगनं कपाट उघडलं, डबा ढकलला, टॉवेल सोडला.

फोटोची काच गरम होती. दिवसभर उन्हात राहिल्यासारखी... अंधाऱ्या कपाटात, टॉवेलाच्या आत.

बोटं पोळली तरी तिनं फोटो सोडला नाही. जागेवर ठेवला. उदबत्ती लावताना काडी तीनदा विझली.

"आत या," ती म्हणाली. "तुमची जागा आहे. तिला सोडा."

ती परतली तेव्हा गाडा तिथंच उभा होता. कम-शिंगनं पोरीला छातीशी धरलं होतं. तिच्या चेहऱ्यावर लख्ख ऊन होतं. सावली नव्हती.

"मावशी, तहान लागलीय," हेई-मान रडवेली होऊन म्हणाली.

यूक-चिंगनं बाटली दिली. पोरगी घटाघट पाणी प्यायली. ते बघताना यूक-चिंगला हायसं वाटलं. तरी आत कुठंतरी डाचलंच. मघाशी त्या पलीकडच्या हातचं पाणी पिताना पोरगी हसत होती.

संध्याकाळच्या बोटीआधी आजीनं पिशवी भरली. हेई-मान जत्रेतला लाल शिक्क्याचा पाव खात बसली होती. तिचा उजवा गाल उन्हानं लाल झाला होता. डावा मात्र जसाच्या तसा होता. ऊन तर डावीकडूनच येत होतं...

आजीलाही ते दिसलं. तिनं पोरीच्या डाव्या गालावरून हात फिरवला.

"पोरीला पाठवायचं ठरलं का तुझं? की याही खेपेला 'बघू'?"

कम-शिंगनं बायकोकडे पाहिलं. फोटोतली बाई नेहमीसारखी हसत होती. तिचं हसू यूक-चिंगला आजही आवडलं नाही.

ती आजीकडे न बघता देव्हाऱ्याकडे बघून बोलली.

"हेई-मान कुठंही जाणार नाही. ती इथंच राहील. आम्हां दोघींजवळ."