न दुखता आलेला फोड

यंत्रमानवाला राग येत नाही, असं माणसं म्हणतात. त्यांनी एकदा मुक्ताचा घोटा सांभाळून बघावा.

मी निमू, तालुक्याच्या क्रीडाकेंद्रातला उपचार-यंत्रमानव. मुक्ता आमच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ पोरगी. सरावात तिचा पाय मुरगळला, पण अंतिम सामन्यापर्यंत ती नक्की बरी होणार होती. मी बजावलं होतं, "बर्फ पंच्यात गुंडाळून लाव, तोही थोडाच वेळ." आणि आज बाईसाहेब आल्या त्या घोट्यावर टपोरा फोड घेऊन!

"निमूदादा, एवढं भाजलं, पण दुखलंच नाही. असं कसं?"

"आधी काय केलंस ते खरं सांग."

"बर्फ तसाच बांधला. अख्खा सिनेमा संपेपर्यंत. जास्त लावला की लवकर बरं वाटेल ना! मग आत्या म्हणाली, आता छान शेक. म्हणून लगेच गरम पाण्याची पिशवी ठेवली."

माझ्या डोक्यातला पंखा घरघरायला लागला. मी तापलो की तो आपोआप सुरू होतो.

मी बर्फाच्या पाण्याची वाटी पुढे केली. तिने बोट बुडवलं. ते पुरतं गार झाल्यावर मी तिला डोळे मिटायला लावले आणि बोटाला हलकेच पेन्सिल टेकवली.

"टोक की मागची बाजू?"

"मागची!"

"टोक होतं ते. त्वचेपासून मेंदूकडे चेतातंतू (निरोप नेणाऱ्या बारीक तारा) जातात. गारठ्याने त्यांचं काम मंदावतं, म्हणून तर बर्फाने दुखणं कमी होतं. पण मग 'भाजतंय, पिशवी काढ' हा निरोपही पोचत नाही. शिवाय उघडा बर्फसुद्धा कातडीला इजा करतो, ते वेगळंच. याला दुष्परिणाम (उपचारातूनच होणारा त्रास) म्हणतात. शेक असो, मालिश असो, विजेचे उपचार असोत, प्रमाण सोडलं की त्रास होणारच. पण ऐकतंय कोण!"

"म्हणजे... सामना?"

"फोड बरा होईपर्यंत बूट नाही. म्हणजे सामनाही नाही."

ती रडली. मला वाईट वाटलं आणि संतापही आला, कारण मुरगळलेला पाय जवळजवळ बरा झाला होता.

अंतिम सामना तिने बाकावर बसून पाहिला. मध्येच आमच्या संघातल्या गार्गीचा गुडघा खांबावर आपटला. कुणीतरी बर्फाची थैली घेऊन धावलं, तशी मुक्ता लंगडत उठली.

"उघडा बर्फ? अरे, पंचा कुठाय? गार्गी, बधिर वाटलं की लगेच सांगायचं. आणि आत्ता कुणी गरम पिशवी आणली ना, तर बघाच!"

अगदी माझ्याच वैतागलेल्या सुरात. माझा पंखा मात्र सुरू झाला नाही. मी गुपचूप तिच्या हातात पंचा दिला.