हललेला फोटो

हातोडी माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडली आणि मी अशी किंचाळले, की इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमधला पत्त्यांचा डाव जागीच थांबला. वर शिडीवर एक गृहस्थ ओठांत दोन खिळे धरून उभे होते. खिळे काढून त्यांनी विचारलं, "लागलं का?"

"लागलं नाही, पण जीव गेला असता ना माझा."

तर हे महाशय हसले. "मग तुमचाही फोटो लावावा लागला असता. आहे का एखादा चांगला?"

मी मुळातच भित्री. गॅस बंद केलाय का ते तीनतीनदा बघते, लिफ्टपेक्षा चार जिने परवडले म्हणते. आणि ते लावत होते तो फोटो गेल्याच महिन्यात वारलेल्या एका सभासदाचा होता. पुढे कळलं, गेलेल्या माणसांची ती अख्खी भिंत यांनीच उभी केलेली. चाळीस वर्षं बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना क्रेनवालेच म्हणायचे. बाविसाव्या वर्षी एक बॅग घेऊन या देशात आले आणि एका खोलीत आठ जण राहिले. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्राऐवजी दर महिन्याला स्वतःचा फोटो पाठवायचे, अंगात ताप असला तरी हसून काढलेला. पहिल्याच वर्षी खोलीतला एक सोबती गेला. त्याच्या घरी पाठवायला कामाच्या पासवरचा नखाएवढा फोटो तेवढा होता. आपल्यातल्या कुणाची पुन्हा अशी गत होऊ द्यायची नाही, असं त्यांनी तेव्हाच ठरवलं. तेव्हापासून मंडळातल्या एकेकाला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून ते झकास फोटो काढून ठेवायचे.

त्याच हॉलमध्ये मी दर बुधवारी शिवण शिकवते. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी लांबच्या शहरात. वर्ग सुटला की क्रेनवाले दोन कप चहा आणून माझ्या मशीनशेजारी ठेवायचे आणि मला सुईत दोरा ओवताना बघत बसायचे.

"मास्तरीणबाई, दर वेळी पहिल्या झटक्यात! या वयात इतका स्थिर हात..."

वयाचं काढू नका, असं मी बजावायची. कान मात्र गरम व्हायचे. हो, साठीतही होतात.

माझा फोटो काढू का, हे त्यांनी सहा वेळा विचारलं असेल. सहाही वेळा मी काहीतरी निमित्त काढलं. खरं कारण सांगायची लाज वाटायची. त्या खुर्चीत बसलं की पुढची जागा भिंतीवर, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

मग एका बुधवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. चहा नाही, काही नाही... सरळ कॅमेरा माझ्या हातात दिला. शुक्रवारी हृदयाची झडप बदलायची आहे, म्हणाले. नळाचा वॉशर बदलायचा असावा, अशा थाटात. डॉक्टर बरं होईल म्हणतात, पण एकाहत्तराव्या वर्षी खात्री कोण देणार?

"सगळ्यांचे आहेत हो, माझाच नाही. भिंतीवर शोभेल असा एक काढा."

ते खुर्चीत बसले, कॉलर सारखी केली. कॅमेऱ्यातून मी बघितलं – ते हसत होते. आईला पाठवायच्या फोटोत हसत असतील, तसंच. तेव्हा मला दोन गोष्टी एकदम कळल्या. हा माणूस माझ्याइतकाच घाबरलाय. आणि याच्याशिवाय मला एकही बुधवार नकोय.

मी बटण दाबलं. ते उठून आले, चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघू लागले. चेहरा नव्हताच, नुसता पांढरा शर्ट इकडून तिकडे फासल्यासारखा.

"हललाय."

"हो."

"तुमचा हात हलत नाही, मास्तरीणबाई."

"मुद्दाम हलवला." मी कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. "हा काही भिंतीवर लावता येणार नाही. चांगला हवा असेल तर परत या आणि बसा इथे. मला भीती वाटते हो... तुम्ही मला हवे आहात."

मग कॅमेऱ्याचा पट्टा त्यांनी माझ्या गळ्यात घातला. मानेला बोटं लागली, गार पडलेली.

"परत आलो तर... खुर्च्या दोन मांडा," ते म्हणाले.

शुक्रवारी नऊपासून दोनपर्यंत मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते. समोरची हात धुण्याची सूचना पन्नासदा वाचली. दार उघडलं की मी उठून उभी राहायची, आणि ते दुसऱ्याच कुणासाठी उघडलेलं असायचं. मध्येच मुलीचा फोन आला. आई, तू तिथे कुणासाठी बसलीयेस?

"माझ्या माणसासाठी," मी म्हटलं.

ती म्हणाली, काहीतरी खाऊन घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं, गळ्यातला कॅमेरा बघितला आणि ओठ हलवले. मी कान जवळ नेला.

"आज नको... दाढी वाढलीये."

मी तिथेच, नर्ससमोर, भोकाड पसरलं.

याला आता चौदा महिने झाले. हललेला फोटो आमच्या घरी माझ्या मशीनवर टांगलाय. हॉलमधल्या खिडकीजवळ खुर्च्या दोन असतात. दर बुधवारी हे गुळगुळीत दाढी करून एका खुर्चीत बसतात, बटण दाबायला कुणाला तरी तयार ठेवतात आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारतात. बाहेर लख्ख ऊन पडलेलं असतं. मी खिडकीतून वाकून बघते.

"आज उजेड बरोबर नाही हो."

पन्नास वर्षं फोटो काढलेला माणूस माझ्याकडे बघतो, मग त्या उन्हाकडे बघतो.

"खरंय," म्हणतो. "पुढच्या बुधवारी बघू."