एका माणसापुरती हवा

भंगाराच्या पिंपात डबा सापडला आणि उड्डाणतळाच्या प्रमुखांचा चेहरा पांढराफटक पडला. दोन ग्रहांच्या मधोमध एक यान बंद पडलं होतं, आत तिघं. त्यांची हवा शुद्ध करणारे डबे घेऊन पुरवठ्याची कुपी आज संध्याकाळी सुटायची होती. हा त्यातलाच एक डबा.

"कुपीचं वजन मात्र चोख भरतंय," प्रमुख म्हणाले. "म्हणजे डब्याच्या जागी कुणीतरी भलतंच काही ठेवलंय. सगळ्या पिशव्या सोडत बसलो तर उड्डाण हुकेल. मग ती तिघं गेलीच म्हणून समजा."

प्रमुखांनी मदतीला बोलावलेल्या, खासगी तपासाचं काम करणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत. सोबत त्यांचे धाकटे दीर, भावोजी. भावोजींची ट्यूब उशिरा पेटते हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक, पण वहिनींचं त्यांच्यावाचून पान हलत नसे.

काल कुपीपाशी एकेकटे गेले होते तिघंच: बांधणीचा मुकादम, डॉक्टरीणबाई आणि वजनं करणारे काटेवाले काका. यानावर मुकादमाचा भाऊ, डॉक्टरीणबाईंचा नवरा, काकांची मुलगी. आपल्याच माणसाचा श्वास कोण चोरेल?

"पिशव्यांच्या गाठी इथं सगळ्यांनाच येतात," मुकादम गुरगुरला. "सुरगाठ मारायची, ओढायचं टोक उजवीकडे. वर माणूस तरंगतो ना! एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने टोक ओढायचं."

डॉक्टरीणबाई फणकारल्या, "नवरा वर अडकलाय माझा! औषधं ठेवली आणि निघाले. डब्याला हात लावायला मला काय वेड लागलंय?"

काकांनी बिस्किटांचा पुडा पुढे केला. भावोजींनी टेबलावरची कात्री घेऊन पुड्याशी झटापट केली, पण पुडा नुसताच दुमडला.

"काय बोथट कात्री हो, काका! लोणी तरी कापेल का ही?"

"मुलीची आहे. ठेवा ती," काका म्हणाले.

वहिनी तडक उठून कुपीपाशी गेल्या आणि आत बॅटरी मारली. "मुकादम, ती खालची पिशवी तेवढी सोडा."

आत प्राणवायूची एक छोटी टाकी निघाली आणि मुखवटा. एकच.



"बाकी सगळ्या टोकांची तोंडं उजवीकडे, हिचं एकटीचं डावीकडे," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे पिशवी डावखुऱ्या माणसासाठी होती. आणि भावोजी, कात्री बोथट नव्हती हो. डावखुऱ्यांची कात्री उजव्या हातात धरली की कापत नाही."

काका म्हणाले, "गाठ मुद्दाम नाही मारली तशी. तिच्या शाळेच्या डब्याची पिशवी मीच बांधायचो. हाताला तेच वळण पडलंय."

"आणि माझ्या नवऱ्याने काय करायचं होतं?" डॉक्टरीणबाई किंचाळल्या. "तिच्याकडे बघत मरायचं?"

"तिघांना हवा पुरतच नाही!" काका ओरडले. "कुपीतले सगळे डबे पाठवले तरी सुटकेचं यान पोचायच्या आत संपणार. मी दहादा मांडून पाहिलंय. तुमच्या तोंडचं पाणी कशाला पळवायचं? म्हटलं, निदान एक तरी..."

मुकादमाने त्यांची कॉलर धरली. वहिनींनी हात आडवा घातला.

"भांडण मग करा. कुपीतलं जेवण निम्मं उतरवा, कोठारातले जादा डबे चढवा. अर्धपोटी माणूस तगतो, हवेवाचून नाही. काका, हे तुम्ही कालच बोलला असतात तर आज ही वेळ आली नसती. आता सांगा, पुरेल?"

काकांनी पुन्हा काटा लावला, आकडे मांडले. भावोजींना आपलाच श्वास जड वाटू लागला.

"पुरेल. जेमतेम."

सगळे कामाला भिडले. काका पिशव्या पुढे करत होते, मुकादम बांधत होता. शेवटची पिशवी देताना काका हळूच म्हणाले, "तिला यातलं काही कळवू नका रे."

मुकादमाने गाठ करकचून आवळली. वर न बघता म्हणाला, "आम्ही कशाला कळवू? परत आली की तुम्हीच सांगा."