पोरीला इचारा

भोगीचा दिवस होता. यंदाच्याच जानेवारीतली तेरा तारीख, मंगळवार. चंद्रभान सांजच्याला मोटरसायकल घेऊन परभणीला निघाला, लेकीला आणायला. निकिता त्याची एकुलती एक, तिथं होस्टेलवर राहून अकरावीला शिकायली. दुसऱ्या दिवशी संक्रांत, आन पोरीचा क्लास सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून जाती, म्हणून बापच निघाला. घरी सरजाबाई, त्याची बायको, तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापायली होती. काही आणायचंय का म्हणून त्यानं जाता जाता इचारलं. ती म्हणली बोरं आणा, वाणाला कमी पडायलीत. एवढंच बोलणं झालं.

मी तवा शेजारच्याच घरी होतो. आपल्या वैजयंतीला त्या गावात दिलीय, तिचं संक्रांतीचं घेऊन गेलो होतो. गावाचं नाव मी घेणार न्हाई. झरीच्या पुढं हाय, फाट्यापासून आत साडेचार किलोमीटर. लेक नांदायलीय तिथं, तवा एवढ्यावरच समजून घ्या.

गादी जरा हिकडं ओढ. आन तो मोबाईल उलटा ठेव, डोळ्यावर उजेड येतो. तुमी मघापासून त्याच्यात जो पिक्चर बघायलाव, तोंडाला मुखवटा आन हातात कोयता, त्यातला माणूस कुणाच्या वळखीचा नसतो. हे ज्याचं झालं त्याच्यासंगं मी चहा पिलेला हाय.

पण आधी आठ वर्षांमागचं सांगावं लागंल.

तवा मी लाइनमन होतो, त्या शिवाराचा जिम्मा माझ्याकडं. उन्हाळा चालू होता. मोबाईलवर ते पोरं पळवणाऱ्यांचं सुरू झालं होतं. कुठला तरी व्हिडिओ, गोणीत घातलेली लेकरं. खरं का खोटं कुणी बघंना. शाळा बंद होत्या तरी माणसं गावाच्या तोंडाला काठ्या घेऊन बसायची.

तशात एक दिवस भर दुपारी गावात धारवाला आला. सायकलवर दगडाचं चाक लावलेलं. सायकल उभी करायची, पायडल मारायचं, की चाक फिरतं. विळे, कात्र्या, सुऱ्या, काय आसंल ते. पन्नाशीचा माणूस, अंगानं वाळका. पाराजवळ सायकल लावून बसला. चाकातून ठिणग्या उडायल्या की पोरं जमतातच. निकिता तवा आठ वर्षांची. ती लयच जवळ गेली, तर त्यानं खांद्याला धरून तिला बाजूला केलं. आन चंद्रभान समोरच्या घरातून बाहेर आला तवा त्याला तेवढंच दिसलं. परक्या माणसाचा हात, आन खाली आपली लेक.

मी कुठं होतो म्हणता? खांबावर. पारापासून चाळीस पावलांवर. मला वरून सगळं दिसायलं होतं. त्यानं पोरीला का धरलं, तेबी दिसलं होतं.

चंद्रभान ओरडला. गाव धावलं. पैल्यांदा चापटा, मग काठ्या. तो माणूस हात जोडून एकच म्हणायला होता.

“पोरीला इचारा.”

लय येळा म्हणला. पोरीला इचारा, पोरीला इचारा. निकिता रडत रडत काहीतरी सांगायली होती, तर चंद्रभाननं तिचं तोंड दाबलं, उचलली आन घरात नेऊन कडी लावली. परत आला तवर पंडित आन मुंजाजीनं त्या माणसाला त्याच्याच सायकलीपाशी नेलं होतं. पंडित चंद्रभानचा चुलतभाऊ, मुंजाजी त्याचा दोस्त. पंडितनं त्याचे हात चाकावर दाबून धरले. मुंजाजी पायडल मारायला होता. चंद्रभान मागून त्याचं डोकं धरून उभा राहिला.

दहा बोटं. एक एक करून.

मी खाली उतरलो न्हाई. लाइन चालू हाय, मधीच सोडता येत न्हाई, असं मी मनाला सांगत राहिलो. लाइन मीच बंद केलेली होती.

सांजच्याला पोलीस आले तवा तो मेलेला होता. कुठला, कोण, कुणाला मालूम न्हाई. नाव कुणी इचारलंच नव्हतं. चारशे माणसाचं गाव, पण साक्ष द्यायला एक निघंना. मलाबी इचारलं. मी म्हणलो, माझं ध्यान तारेकडं होतं. दीड वर्षात तिघंबी सुटून घरी आले.

त्याच्यानंतर फाट्याच्या रस्त्यावर चाकाचा आवाज येऊ लागला. आधी एकानं ऐकला, मग दुसऱ्यानं. मग झरीपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. अंधार पडल्यावर रस्त्याच्या कडंला सायकल दिसती. माणूस इचारतो, धार लावायची का. तुमच्याजवळ विळा, सुरी, काही पात्याचं आसलं तर द्यायचं. तो धार लावून देतो आन जाऊ देतो. न्हाई निघालं तर तुमच्या बोटांना लावतो. लोकं हसायची, पण तिकडचा मास्तरसुद्धा डब्याच्या पिशवीत चाकू ठेवायचा. नव्या नवरीच्या ओटीत सुरी घालायचे. मी हे डोळ्यानं बघितलंय.

पंडित सापडला सुटून आल्याच्या दुसऱ्या वर्षी, बैलपोळ्याच्या पहाटं, पुलाखाली. दहाही बोटं तासलेली. पेन्सिलीला टोक करतेत ना, तशी. मुंजाजी त्याच्या पुढच्या वर्षी, स्वतःच्या वावरातल्या आखाड्यावर, खोपीत. त्याला तर पायाच्या बोटांनाबी सोडलं नव्हतं. खाली रगताचा थेंब न्हाई, निस्ता पांढरा भुगा.

मग चंद्रभान रात्रीचं घराबाहेर पडायचा बंद झाला. पडावंच लागलं तर गाडीला लावलेल्या पिशवीत विळा आसायचा. त्या भोगीला तो तसाच निघाला, पिशवीकडं न बघता. त्याला काय मालूम, दुपारी सरजाबाईनं वाणाला ऊस तोडायला तो विळा काढून घेतला होता. चुलीमागं ठेवला आन इसरली.

आता पुढचं मला निकितानं सांगितलं. जसं सांगितलं तसं सांगतो.

फाट्यावरून ते आत वळले तवा रात्रीचे पावणेअकरा झाले होते. गार पडलं होतं. पोरगी मागं बसलेली, बोरांची पिशवी मांडीवर. दोन्ही बाजूनं गहू. दोन किलोमीटर आत एक नळकांडी पूल हाय, तिथं गाडी बंद पडली. लाइट चालू राहिला. चंद्रभान किक मारायला. एकदा. दोनदा.

आन मग आवाज आला.

गरगर. बारीक. गव्हाच्या अंगानं.

लाइटाच्या टोकाला सायकल उभी होती. माणूस बसून पायडल मारायला. तोंड खाली. चाकावर काही धरलेलं नव्हतं, तरी ठिणग्या उडायल्या होत्या... हात चाकाला टेकवले होते त्यानं. नुसते हात.

त्यानं वर न बघता इचारलं, हाय का काही, धार लावायला.

चंद्रभाननं पिशवीत हात घातला. एकडाव. परत एकडाव. पिशवी उलटी केली. पाना पडला, फडकं पडलं. पोरगी म्हणती, बापाचे दात वाजायलेले मला ऐकू आले.

चाक थांबलं.

आन चंद्रभान, ज्यानं लेकीसाठी म्हणून माणूस मारला होता, त्यानं लेकीच्या दंडाला धरून तिला लाइटाच्या उजेडात पुढं ढकललं.

“पोरीला इचारा,” म्हणला. “तिच्याजवळ आसंल.”

आन पळाला.

...

सव्वाअकराच्या सुमाराला आमाला शेजारी दार आदळल्याचा आवाज आला. मी बाहेर आलो. चंद्रभान आतल्या खोलीत शिरून कडी लावून बसला होता, आन सरजाबाई दारावर हात आपटून एकच इचारायली होती, पोरगी कुठंय. तो आतून म्हणायचा, दार उघडू नको. पोरगी कुठंय. दार उघडू नको. तिसऱ्या येळेला तिनं इचारायचं सोडलं. तिथंच खाली बसली.

मी आन जावई बॅटरी घेऊन निघालो. खरं सांगतो, मला जायचं नव्हतं. पण एकदा खांबावर बसून राहिलो होतो, दुसऱ्यांदा बसवंना.

निकिता पुलाच्या कठड्यावर बसलेली. अंगावर ओरखडा न्हाई. बोरं रस्त्याभर सांडलेली. मी जवळ गेलो तर हळूच म्हणली, “आप्पा, त्यांनी मला बाजूला बसायला सांगितलं. ठिणग्या उडतात म्हणले.”

आन ते कुठं गेले, मी इचारलं.

तिनं गावाकडं हात केला.

आमी पोचलो तवर गल्लीत गाव जमलं होतं. आत, कडी लावलेल्या खोलीत, चाक फिरायलं होतं. दाराच्या खालच्या फटीतून लाल उजेड यायचा, जायचा. यायचा, जायचा. आन मधी मधी चंद्रभानचा आवाज. तसला आवाज मी जनावराचाबी ऐकलेला न्हाई. जावयानं पहार आणून दारात घातली. साधं बाभळीचं दार ते. पहार वाकली. मागं वळून मी माणसांना म्हणलो, हात लावा. चाळीस-पन्नास माणूस. सगळी तीच, पाराजवळची. एक पाय पुढं आला न्हाई.

मग चाक थांबलं.

आत कुणीतरी धापा टाकायला होता.

मग दाराच्या अगदी पलीकडून, लाकडाला तोंड लावून बोलावं तसं, कुणीतरी बोललं. आवाज थकलेला होता. रागाचा बिलकुल नव्हता.

“मी पोरीला इचारतो. सांग माय. ह्यानं तुला टाकून पळ काढला का?”

निकिता पुढं झाली. दाराला दोन्ही हात लावले. तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं...

सरजाबाई मागून आली आन तिनं पोरीचं तोंड दाबलं. गच्च. पोरीच्या गालात बोटं रुतली. पोरगी मान हलवायली, हात ओढायली. सरजाबाईनं सोडलं न्हाई. आपल्या नवऱ्याला ती वाचवायली होती, पोरगी खरं बोलंल ह्याचं तिला भ्या वाटलं.

तो थांबला होता. आमाला सगळ्यांना कळलं, की तो थांबलाय. ऐकायलाय.

कुणी काही बोललं न्हाई.

...

चाक परत फिरायला लागलं.

पहाटं साडेतीनपर्यंत.

नंतर दार नुस्तं ढकललं तर उघडलं. आत चंद्रभान एकटा. खिडकी न्हाई त्या खोलीला. भिंतीला टेकून बसलेला, आन जिवंत. हो, जिवंत. पंडितला, मुंजाजीला मरू दिलं होतं, ह्याला दिलं न्हाई. दहा बोटं हाताची. दहा पायाची. टोकं इतकी साफ, की सरजाबाई जवळ गेली आन त्यानं तिला धरायला हात पुढं केला, तर तिचं लुगडं टराटरा फाटत गेलं.

परभणीच्या दवाखान्यात नऊ दिवस होता. एक शब्द बोलला न्हाई. निस्तं रडायचा. रडू आलं की माणूस काय करतो, डोळे पुसतो. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे पुसले. नर्स धावत आली तवर एक डोळा गेला होता. मग हात खाटेला बांधले. तो बांधलेल्या हातानं रडत राहिला, आन दहाव्या दिवशी गेला.

तेराव्याला मी निकिताला एकटं गाठून इचारलं. त्या राती तू काय सांगणार होतीस. ती परसात भांडी घासायली होती. हात न थांबवता म्हणली, “मी न्हाई म्हणणार होते, आप्पा. त्यांनीच मला बसवलं आन मदत आणायला गेले, असं सांगणार होते.”

हे मी सरजाबाईला सांगितलेलं न्हाई. तुमीबी कुणी सांगायचं न्हाई.

मायलेकी आता सरजाबाईच्या भावाकडं, मानवतला हायत. रस्त्यावर त्यानंतर आवाज आला न्हाई, सायकल कुणाला दिसली न्हाई. लोकं म्हणायली, झालं, तिघंबी गेले, त्याचं मिटलं.

मार्चमधी गव्हाच्या दिवसात मी वैजयंतीकडं गेलो होतो. रस्त्याच्या कडंच्या एका वावरात बाया गहू काढायल्या होत्या. उभा गहू, पिकून कडक झालेला. त्या वाकून हातानं उपटायल्या होत्या, आन काड्यांना रगत लागलेलं होतं. बांधावर बावीस विळे पडलेले. मी मोजले. सगळे नवे, झरीच्या बाजारातून आणलेले. मी त्यातला एक उचलला आन पात्यावर अंगठा फिरवला. मग दाबून फिरवला, तरी साधी रेघ उठली न्हाई. एका बाईनं बघितलं, आन परत खाली वाकली.

त्याच विळ्यानं मी फाट्याच्या पलीकडं येऊन उसाचं कांडकं तोडलं, तर एका घावात तुटलं.