पुसलेला इतिहास

जळगावच्या नवी पेठेतल्या त्या दुकानाचा जिना चढताना विशाखा रागानं नुसती फणफणत होती. राग नेमका कुणाचा, हे तिलाही सांगता आलं नसतं. ब्रेलची पुस्तकं छापणाऱ्यांचा, एस.टी.चा, सीडी नावाच्या त्या चकचकीत वस्तूचा... जो पहिला समोर येईल त्याच्यावर तो निघणार, एवढं मात्र नक्की होतं.

धुळ्याच्या अंध विद्यालयात ती शिकवत होती, तिथल्याच वसतिगृहात राहत होती. अठ्ठ्याण्णवचा नोव्हेंबर संपत आला होता. दहावीची सात मुलं, मार्चमध्ये परीक्षा, आणि इतिहासाच्या ब्रेल पुस्तकाचा अजून पत्ता नव्हता. पत्रं लिहून लिहून ती थकली. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत दीपनगरला आईवडिलांकडे गेली तेव्हा तिनं अख्खं पुस्तक स्वतःच्या आवाजात वाचून काढलं. तिथल्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या एका इंजिनिअरसाहेबांकडे कॉम्प्युटर होता, सीडी लिहिण्याचा रायटरही होता. त्यांनी तिचं वाचन सहा सीडींवर उतरवून दिलं. पुसून पुन्हा लिहिता येतात अशा, री-रायटेबल सीडी. पुढच्याच आठवड्यात साहेबांची बदली झाली आणि ते सामानसुमानासह निघून गेले. इकडे शाळेत सातही मुलं कान देऊन बसली, विशाखानं देणगीत मिळालेल्या प्लेअरमध्ये पहिली सीडी घातली... आणि प्लेअर म्हणाला, सीडीच नाही. सहाही सीडींना त्यानं तेच सांगितलं.

म्हणून ती आज दीपनगरला जाता जाता जळगावला उतरली होती. ‘तापी कॉम्प्युटर्स’ ही पाटी दिसली, त्याखाली ‘सीडी करून मिळेल’ असं लिहिलेलं होतं, एवढ्यावर ती आत शिरली.

आत एक तरुण जमिनीवर मांडी घालून, उघड्या कॉम्प्युटरच्या पोटात डोकं घालून बसला होता. विशाखानं सुरुवात केली ती थांबलीच नाही. तो मान वर करून नुसता बघत राहिला. बराच वेळ तो काही बोलेना, तसा तिचा पारा आणखी चढला. मग तिच्या लक्षात आलं, की त्याच्या ओठांत दोन स्क्रू धरलेले आहेत.

त्यानं ते काढून शांतपणे बशीत ठेवले. “सीडी चांगल्या आहेत, मॅडम,” तो म्हणाला. “प्लेअर जुना आहे. साधी सीडी आरशासारखी चमकते, ही पुसायची सीडी त्या मानानं मंद. जुन्या प्लेअरला ती दिसतच नाही.”

“आमच्या शाळेत कुणालाच दिसत नाही,” विशाखा म्हणाली. “म्हणून आम्ही काम थांबवत नाही.”

तो हसला नाही. पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि तिला उगाचच त्याचाही राग आला.

त्याचं नाव अभिमन. चोपड्याकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. त्यानं एक सीडी आपल्या ड्राइव्हमध्ये घातली तर ती थरथरत, घरघरत फिरू लागली आणि मध्येच अडकली. विशाखानं प्रत्येक सीडीवर धड्यांची नावं लिहून कागदी लेबल चिकटवलं होतं. त्या कागदानंच तोल जातोय, असं तो म्हणाला. लेबलं काढतो, सगळं साध्या सीडींवर उतरवून देतो, तुमच्या प्लेअरवर नक्की वाजेल. आठ दिवस द्या.

विशाखा सीडी ठेवून गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं धुळ्याहून फोन केला. व्होल्टेजची अडचण आहे, असं तो म्हणाला. पाचव्या दिवशी लोडशेडिंग होतं. सातव्या दिवशी रायटर आजारी. त्याच्या आवाजात काहीतरी चुकत होतं. रोज मुलांच्या आवाजावरून त्यांच्या खोड्या ओळखणाऱ्या बाईला ते कळल्याशिवाय कसं राहील? नवव्या दिवशी ती न सांगता दुकानात जाऊन उभी राहिली.

तिला बघताच तो उठला. मग त्यानं सांगितलं. लेबलं काढल्यावर तिच्या सीडी कोऱ्या दिसत होत्या. एका फोटो स्टुडिओवाल्यानं पुसायला दिलेल्या तशाच सीडींचा गठ्ठा शेजारी होता. घाईत त्या मिसळल्या. चार पुसून झाल्या तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पुण्याच्या ओळखीच्या माणसाला फोन केले, चार-पाच निरनिराळे प्रोग्रॅम चालवून पाहिले. ड्राइव्ह एकच सांगायचा, सीडी कोरी आहे. दोन तेवढ्या वाचल्या होत्या.

विशाखा ओरडली नाही. तिचा राग फार वाढला की आवाज खाली जायचा.

“पुसल्या गेल्या, ते मी समजू शकते. चूक होते माणसाच्या हातून. पण आठ दिवस तुम्ही मला व्होल्टेज सांगत होतात.”

“धीर झाला नाही, मॅडम.”

“माझ्या मुलांचे आठ दिवस गेले त्यात. तुमच्या धीराचं काय करू मी?”

उरलेल्या दोन सीडी पर्समध्ये टाकून ती जिना उतरली. धुळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती, पण पारोळा कधी आलं नि कधी गेलं, तिला कळलं नाही.

रविवारी सकाळी वसतिगृहाच्या फाटकावरून उखर्डूभाऊ, शाळेचे जुने शिपाई, सांगत आले, “मॅडम, तो जळगावना भाऊ उना शे. मोठं खोकं लई उना शे.”

अभिमन पहाटेच्या एस.टी.नं आला होता. कॉम्प्युटर, रायटर, मायक्रोफोन, सगळं मांडीवर घेऊन. टपावर टाकलं असतं तर खिळखिळं झालं असतं, म्हणून. विशाखानं त्याला सरळ परत जायला सांगितलं. पण मुख्याध्यापिका कुंदाबाई मध्ये पडल्या. राग नंतर कर, त्या म्हणाल्या, आधी मुलांचा इतिहास कर. आणि त्यांनी संगीताची खोली उघडून दिली.

खिडक्यांना गाद्या टेकवून, दाराला घोंगडी लावून विशाखा पुन्हा वाचायला बसली. तेच धडे, त्याच सनावळ्या. अभिमन कानाला हेडफोन लावून समोर. तासाभराचं वाचन झालं की ते सीडीवर चढवायचं. त्याला सदतीस मिनिटं लागत.

पहिलीच सीडी एकविसाव्या मिनिटाला फुकट गेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपोआप रंगीत मासे पोहायला लागले, आणि त्या माशांपायी रायटरला वेळेवर माहिती पोचली नाही. एकदा लिहायला लागलं की त्याला मध्ये थांबता येत नाही, अभिमननं खालच्या आवाजात समजावलं. क्षणभर खंड पडला की संपलं. मासे बंद करायचे तो विसरला होता.

“विसरलात,” विशाखा म्हणाली. बाकी काही म्हणाली नाही. तेवढ्यानंच त्याचे कान लाल झाले.

त्यानंतर नियम ठरला. सीडी लिहीत असताना कॉम्प्युटरला बोट लावायचं नाही, टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही, उठून चालायचंही नाही. सदतीस मिनिटं दोघांनी दोन खुर्च्यांवर गप्प बसून राहायचं. पण गप्प तरी किती बसणार?

पहिल्या रविवारी ती त्याला नुसतं रागावली. दुसऱ्या रविवारी तिनं विचारलं, सगळ्यांना ‘हो, होऊन जाईल’ असं का सांगता? तो म्हणाला, समोरच्याचा चेहरा उतरलेला बघवत नाही. लहानपणी आबा, म्हणजे त्याचे वडील शालिग्रामभाऊ, रागावले की चार-चार दिवस घरात बोलत नसत. तेव्हापासून नकोशी गोष्ट सांगायची झाली की त्याचा घसाच बसतो. विशाखाला हे ऐकून वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला. तिसऱ्या रविवारी त्यानं डबा आणला. मायनं केलेलं हिरव्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या, उडीद-ज्वारीच्या भाकरी. भरीत इतकं चांगलं होतं, की तिला त्याचाही राग आला. तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

एकेक करून चार सीडी झाल्या. वाचलेल्या दोन्हींसकट सगळं साध्या सीडींवर उतरलं. शाळेचा जुना प्लेअर या वेळी मुकाट्यानं वाजू लागला.

आठवड्यानं वर्गात द्रौपदा म्हणाली, “बाई, जुन्या दोन सीडींत तुम्ही एकट्याच आहात. नव्या चारींत आणखी कुणीतरी श्वास घेतंय.”

विशाखानं प्लेअरला हेडफोन लावून ऐकलं. खरंच होतं. तिचं वाक्य चालू असेतो मागे पूर्ण शांतता. वाक्य संपलं की हलकेच, अगदी हलकेच कुणाचा तरी श्वास सुटायचा... पुढचं वाक्य सुरू झालं की पुन्हा थांबायचा. तासन् तास. अख्खा स्वातंत्र्यलढा एक माणूस श्वास धरून ऐकत होता.

पुढच्या रविवारी अभिमन जास्तीच्या प्रती द्यायला आला तेव्हा ती त्याच्यावर तुटून पडली. हे काय रेकॉर्डिंग आहे का? मुलांना कळलं, तुम्हाला कळू नये?

“आवाज येऊ नये म्हणून रोखूनच बसत होतो,” तो म्हणाला.

“मग सुटला कसा?”

“तुमचं वाक्य संपलं की... सुटायचा.”

खोलीत गाद्या अजून खिडक्यांना टेकलेल्या होत्या. बाहेरचा कसलाच आवाज आत येत नव्हता.

“काढता येईल ते,” तो घाईघाईनं म्हणाला. “थोडा वेळ लागेल, पण तेवढं पुसता—”

“पुसायचं नाव काढू नका,” विशाखा म्हणाली. “राहू द्या आहे तसं.”

दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. तो प्रती टेबलावर ठेवून निघाला. फाटकापाशी वळला, काही बोलणार असं वाटलं... आणि नुसताच गेला.

मग तो आलाच नाही. काम संपलं होतं, येण्याचं काही कारणही नव्हतं, हे विशाखानं स्वतःला दहा वेळा बजावलं. एक रविवार गेला. दुसरा गेला. फोन नाही, चिठ्ठी नाही. तिसऱ्या रविवारी तिनं उखर्डूभाऊंना विचारलं, फाटक नीट उघडतं ना? त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, की ती तडक खोलीत निघून गेली. आपण फोन करायचा नाही, हे तिनं ठरवलं होतं. श्वास धरायला येतो, तोंड उघडायला येत नाही. असल्या माणसाचं काय करायचं? ती चिडून वह्या तपासत बसली, आणि सगळ्या वह्या तपासून झाल्या तरी राग उरलाच.

चौथ्या रविवारी तो आला. हातात काहीच नव्हतं, त्यामुळे त्याला हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. विशाखा वसतिगृहाच्या ओट्यावर उभी होती, तो खाली अंगणात. फेब्रुवारीचं ऊन चटकायला लागलं होतं.

तिनं बसा म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. “बोला,” म्हणाली.

तो बोलला. एका दमात, जणू मध्ये खंड पडला तर सगळंच फुकट जाईल. तो चोपड्याला गेला होता. आबांना आणि मायला सगळं सांगून टाकलं. विशाखा कोण, कुठली, तिच्या घरचे दीपनगरला असतात, बौद्ध आहेत, हे सगळं. काही हातचं राखलं नाही. माय रडली. काका म्हणाले, भाऊबंदांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आबा अकरा दिवस बोलले नाहीत, आणि तो अकरा दिवस त्यांच्यासमोर जेवायला बसत राहिला. बाराव्या दिवशी आबांनी एवढंच विचारलं, की ती मुलांना काय शिकवते. इतिहास, असं सांगितल्यावर म्हणाले, एकदा घेऊन ये, बघू. हो म्हणालेले नाहीत, पण बोलले.

“मग काल दीपनगरला गेलो. तुमच्या बाबांना, देवचंदभाऊंना भेटलो.”

“माझ्या बाबांना? तुम्ही?”

“म्हटलं, आता कुणापासूनच काही लपवायचं नाही.”

“काय म्हणाले ते?”

अभिमन खाली बघू लागला. “देवचंदभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. मग विचारलं, विशाखा काय म्हणते?” तो थांबला. “तेव्हा माझ्या लक्षात आलं... तुम्हाला विचारायचंच राहिलं.”

विशाखा ओट्याच्या तीन पायऱ्या उतरून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. या वेळी तिचा आवाज खाली गेला नाही. चांगला चढला.

“आई, बाप, काका, भाऊबंद, माझे बाबा... अर्ध्या खानदेशाला सांगून झालं, आणि मला विचारायचं राहिलं? चार रविवार मी इथे वेड्यासारखी फाटकाकडे बघत बसले, आणि तू बारा दिवस घरी सत्याग्रह करत होतास? एक फोन करता येत नव्हता तुला?”

‘तू’ तिच्या तोंडून गेला आणि तिला तो परत घ्यावासा वाटला नाही. अभिमनलाही तो ऐकू आला होता, त्याच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

“चूक झाली,” तो म्हणाला.

“झालीच. मला तुझा राग आला आहे, अभिमन. फार राग आला आहे. आता विचार.”

“आत्ता?”

“मग काय, चोपड्याला जाऊन येतोस आधी?”

त्यानं विचारलं. आवाज इतका खोल गेला होता, की शब्द निम्मे घशातच राहिले. पण त्याची मान वर होती, आणि तो तिच्या डोळ्यांत बघत होता.

“हो,” विशाखा म्हणाली. तो तसाच उभा राहिला. “हो म्हणते आहे मी. ऐकू आलं का?”

अभिमनला मान हलवायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात ओट्यामागच्या वर्गाच्या खिडकीतून, रविवारचा अभ्यास कधीचाच सोडून दिलेले सात आवाज एकदम म्हणाले,

“आलं, बाई.”