नऊ पावलं जास्त

नव्या तारांगणाच्या घुमटाला वेढून एक गोल दालन जात होतं आणि ताई त्यात पावलं मोजत होती. नकाशे आणि दिशा दाखवणाऱ्या पाट्या करणं हा तिचा धंदा. इमारत कुणीही बांधलेली असो, वास्तुरचनाकाराच्या कागदावर विसंबून तिने आजवर एकही पाटी छापली नव्हती. आधी स्वतः चालायचं, मोठ्याने मोजायचं, मगच बाण काढायचा. या वेळी वास्तुरचनाकार तिचा धाकटा भाऊ होता, म्हणून तर ती डोळ्यांत तेल घालून मोजत होती.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताईनेच त्याला वाढवलं, शिकवलं, कान धरून गणितं सोडवून घेतली. हे त्याचं पहिलं मोठं काम. दुपारी चारला अग्निशमन खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. नकाशातलं अंतर चुकलं तर परवानगी अडकली असती. पण ताईला घोर नव्हता. आपल्या पावलांवर तिचा पुरता भरवसा होता.

दालन सुरेख झालं होतं. खाली राखाडी गालिचा, भिंतीवर तिनेच आखलेली ग्रहांची ठळक रंगांतली चित्रं. आत यायला एक दार आणि बरोबर समोरच्या टोकाला आणीबाणीचं दार. ते कुलूपबंद, किल्ली तिच्या खिशात. उजवीकडून फेरी मारली, दोनशे बारा पावलं झाली. डावीकडून मारली, दोनशे एकवीस.

तिने पुन्हा मोजलं. उजवीकडून दोनशे बारा. डावीकडून दोनशे एकवीस. डावीकडून जाताना शनीच्या चित्रापुढचा गालिचा चपलांतूनही गार लागला, बाकी काही नाही.

“वर्तुळ आहे ते, ताई,” भाऊ हसला. “कुठूनही गेलीस तरी तेवढंच भरणार. वय झालं तुझं.”

“माझं वय काढू नकोस. तू डावीकडून जा, मी उजवीकडून येते. आणि मोठ्याने मोज.”

“वाटेत भेटलो की चहा तुझ्याकडून!”

आणीबाणीच्या दारापाशी दोघं समोरासमोर यायला हवी होती. ताई तिथे पोचली तेव्हा भाऊ नव्हता. आवाज मात्र होता, पुढच्याच वळणाआड, खणखणीत. “एकशे चार. एकशे पाच.” ती झपझप चालू लागली. आवाज तेवढाच पुढे राहिला. वळण संपलं आणि ती मुख्य दाराशी आली. दोनशे बारा. वाटेत तिला कुणीही भेटलं नव्हतं.

ती वळणाकडे तोंड करून ओरडली.

“कुठे आहेस रे?”

“हा काय, आलोच. तुझंच बरोबर होतं, ताई. जास्तच भरतंय. दोनशे चाळीस.”

“मोजणं पुरे! परत फिर!”

“आता दार दिसेलच की. दोनशे एक्केचाळीस.”

ती धावली. डावीकडून, उजवीकडून, पुन्हा डावीकडून. आणीबाणीचं दार उघडून पाहिलं. बाहेर ऊन आणि रिकामं आवार. आपणच त्याला धाडलं, या विचाराने तिला रडू फुटलं.

आवाज तिच्या अगदी पुढ्यातून गेला. गालिचा पावलांखाली दबला आणि पुन्हा वर आला. तिने हात पुढे केला, हाताला गार हवा लागली.

“तेरा हजार सातशे दोन.”

तो निघाल्यापासून घड्याळात अकराच मिनिटं झाली होती.

पुढच्या फेरीला आकडा लाखांत होता. आवाजाला घाई नव्हती, भीतीही नव्हती. ताई भिंतीला टेकून खाली बसली आणि त्याच्या नावाने हाका मारत राहिली. तो मोजत राहिला.

चारला साहेब आले. दाराशीच थबकले आणि कान देऊन ऐकू लागले. वळणाआडून आता अब्जांतली मोजणी येत होती, संथ, ठाम, एकही आकडा न चुकवता.

“आत कोण आहे?” साहेबांनी विचारलं. “वडील का तुमचे?”